बाटलीतले लिंबू आणि घरातले लिंबू

वाचकहो, गेल्या रविवारी आमच्या गच्चीवर एक परीक्षा पार पडली. परीक्षेला बसली होती सहा पेये आणि तपासनीस होतो आम्ही सहा जण. निमित्त होते भाचीच्या लग्नाचे. लग्न वैशाखातले, दुपारचा मुहूर्त आणि मंडपात सहाशे माणूस. आल्याबरोबर पाहुण्यांच्या हातात काय द्यायचे, यावर घरात दोन तट पडले होते. भाची पुण्याला नोकरी करते. तिने येताना काचेच्या देखण्या बाटलीतले 'प्रीमियम लेमोनेड' आणले होते. एका बाटलीची किंमत सव्वाशे रुपये. ती ऐकून माझी आई म्हणाली, "अगं, तेवढ्यात दोन डझन लिंबं येतील." भाची म्हणाली, "आजी, आधी चव तर घेऊन बघ. मग बोल."

तिचे म्हणणे मला पटले. चव न घेता मत देणे हे तपासल्याशिवाय औषध देण्यासारखेच. म्हणून परीक्षा ठरली. भाचीची ती काचेची बाटली, दुकानात सर्रास मिळणारे लिंबाच्या स्वादाचे कोल्ड्रिंक, खोक्यातले तयार 'निंबूपाणी', चौकातला गोळी सोडा, साखर नसलेले 'डाएट' लिंबूपेय आणि आमच्या घरचे कागदी लिंबाचे सरबत अशी सहा पेये सारख्या स्टीलच्या पेल्यांत ओतली. पेल्यांच्या बुडाला चिकटपट्टी लावून आकडे टाकले. तपासनीस म्हणजे आई, सौ., भाची, माझे कंपाउंडर, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. मुख्याध्यापकांनी वहीवर रकाने आखून रीतसर गुणपत्रक तयार केले होते.

पहिली फेरी झाली तेव्हा सगळी पेये बर्फासारखी गार होती. निकाल लागला तो असा. काचेची बाटली पहिली, दुकानातले कोल्ड्रिंक दुसरे, गोळी सोडा तिसरा, खोक्यातले निंबूपाणी चौथे. घरचे सरबत पाचवे आले आणि साखर नसलेले शेवटचे. आईने घरच्या सरबताचा घोट घेऊन, "हे पाणचट कुणी केलं?" असे विचारले. सौ.चा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

निकाल मी मान्य केला. पण एक विनंती केली, की उरलेली पेये तशीच झाकून ठेवू आणि दोन तासांनी पुन्हा चाखू. दुपार सरली, चहा झाला आणि आम्ही पुन्हा गच्चीवर जमलो. आता कुठल्याच पेल्यात गारवा नव्हता आणि गॅसही निघून गेला होता. दुकानातल्या कोल्ड्रिंकचा घोट घेताच आई म्हणाली, "अगंबाई, हा तर गुलाबजामचा पाक!" मुख्याध्यापकांनी दोन पेल्यांना शून्य गुण दिले. काचेच्या बाटलीतले पेय बऱ्यापैकी टिकले. त्यात खरा रस होता आणि लिंबाच्या सालीचा किंचित कडवटपणाही होता. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही त्याचा गोडपणा आता लपत नव्हता. घरचे सरबत मात्र होते तसेच राहिले. पहिल्या फेरीतला पाचवा नंबर दुसऱ्या फेरीत पहिला आला.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या जिभेला गार पदार्थाची गोडी कमी जाणवते. वितळलेले आइस्क्रीम नको इतके गोड लागते, ते याच कारणाने. दुसरे म्हणजे आंबटपणा गोडीला झाकतो. तिसरा वाटा गॅसचा. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनतो आणि जिभेला झिणझिण्या आणतो. गारवा, आंबटपणा आणि गॅस या तिघांच्या आडोशाला साखर बसलेली असते. कोणी साध्या पाण्यात सहा चमचे साखर विरघळवून दिली, तर आपण एका घोटात पेला बाजूला सारू. तेवढीच साखर गार फसफसत्या पेयातून मात्र पोटात जाते आणि कळतही नाही.

आता थोडा हिशेब करू. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत दर १०० मिलिलिटरला साखर किती, हे छापलेले असते. बाजारातल्या बहुतेक गोड कोल्ड्रिंकमध्ये ती १० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या लहान बाटलीत २५ ग्रॅम, चहाचे पाच ते सहा सपाट चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. दिवसाकाठी २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी त्यांचा अर्थ असा, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. म्हणजे एक लहान बाटली प्यायली की दिवसाचा चांगला कोटा तिथेच संपला. सकाळ-संध्याकाळचा चहा, बिस्किटे, शिरा हे सगळे त्याच्यावर.

काचेच्या महागड्या बाटलीतली साखर मी चष्मा लावून वाचली. दुकानातल्या कोल्ड्रिंकपेक्षा थोडी कमी होती, पण अगदीच थोडी. किमतीत सहापट फरक आणि साखरेत चमचाभर! ते जादा पैसे काचेचे, चित्राचे आणि थोडे खऱ्या रसाचे. आपल्या स्वादुपिंडाला बाटली काचेची की प्लास्टिकची, यातले काही कळत नाही.

पण वाचकहो, खरे सांगायचे तर मलाही त्या दिवशी खाली मान घालावी लागली. भाचीने विचारले, "मामा, आता मामीच्या सरबतातली साखर मोज ना." सौ.ने पेल्याला तीन चमचे घातले होते. म्हणजे साधारण १३ ग्रॅम. बाजारातल्या पेल्यापेक्षा कमी, पण औषध म्हणून मिरवावे इतकीही कमी नाही. घरचे म्हणजे निर्दोष, हा आपला एक लाडका समज आहे. फरक एवढाच, आणि तोच मोलाचा, की घरी चमचा आपल्या हातात असतो. आज तीन, पुढच्या आठवड्यात दोन, त्यानंतर एक. सोबत चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. बाटलीतला चमचा मात्र कारखान्यात आधीच पडलेला असतो.

आमच्या लहानपणी कोल्ड्रिंक ही सणासुदीची गोष्ट होती. कोका-कोला १९७७ मध्ये देशातून गेले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यानंतर थम्स अप आणि गोल्ड स्पॉट यांची चलती झाली. कोका-कोला १९९३ मध्ये परत आले आणि हीच देशी नावे त्यांनी विकत घेतली. पण आम्हा मुलांचा खरा जीव गोळी सोड्यावर. ती गोळीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. आतल्या गॅसच्या दाबाने काचेची गोळी वरच्या रबरी कड्याला घट्ट बसते, बुचाची गरजच नाही. वर्षातून चार-पाचदा, जत्रेला किंवा कुणाच्या लग्नात तो प्यायला मिळे. चार-पाचदा प्यायल्याने कुणाचे काही बिघडत नाही. आज मात्र किराणा दुकानात, पानटपरीवर, एस.टी. स्टँडवर काचेचा फ्रिज उभा आहे आणि मोठी बाटली घरातल्या फ्रिजच्या दारात कायमची बसली आहे. जे सणाचे होते ते रोजचे झाले. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

आता बाटलीवरच्या लिंबाबद्दल. पुढे पिवळेजर्द, पाणी टपकणारे लिंबू काढलेले असते. बाटली फिरवून पाहा. लिंबाच्या स्वादाच्या कित्येक कोल्ड्रिंकवर 'यात फळ नाही' अशा अर्थाचे वाक्य बारीक अक्षरांत छापलेले आढळेल. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, वास स्वादद्रव्याचा. हे बेकायदा नाही. फक्त ते वाचायला हवे. लिंबाच्या १०० ग्रॅम रसात सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. दर्यावर्दींचा स्कर्व्ही नावाचा रोग संत्र्या-लिंबांनी हटतो, हे जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये जहाजावर रुग्णांना वेगवेगळे उपचार देऊन दाखवले होते. चित्रातल्या लिंबाने ते काम होणार नाही.

ही सगळी गंमत वाटेल. पण हा विषय मी आज लिहायला घेतला, त्याला कारण वेगळे आहे आणि त्यात चूक माझी आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक तरुण आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला सकाळपासून जुलाब. ओ.पी.डी. भरलेली होती. मी तपासले, चिठ्ठीवर ओ.आर.एस. आणि झिंक लिहिले आणि रोजच्या सवयीने म्हणालो, "पातळ काहीही भरपूर पाजा. लिंबाचं पाणी चालेल." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. दोन दिवसांनी ती परत आली, तेव्हा मुलाचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जात होती. रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हते. "ओ.आर.एस. दिलं का?" मी विचारले. ती म्हणाली, "पुडीची चव त्याला आवडेना डॉक्टर, थुंकून टाकत होता. पण लिंबाचं पाणी दिलं ना. दोन दिवसांत मोठ्या दोन बाटल्या संपवल्या त्यानं." आणि तिने पिशवीतून कोल्ड्रिंकची रिकामी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, लिंबाचं पाणी चालेल? ह्याच्यावर लिंबूच काढलंय की."

तिचे काय चुकले? तिने चित्र पाहिले आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मजुरीच्या पैशातून घरच्या लिंबापेक्षा महागाची वस्तू आणली, कारण महाग ते लेकराला चांगले. मुलाला ताबडतोब दाखल करून सलाइन लावावे लागले. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले, हे आमचे नशीब.

जुलाबात कोल्ड्रिंक का वाईट, ते सांगतो. आतड्यात साखर दाट झाली की ती शरीरातले पाणी आतड्याकडे ओढून घेते आणि जुलाब वाढतात. ओ.आर.एस.मध्येही साखर असते, पण मोजून. आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ यांची जोडी एकत्र आत शिरते आणि त्यांच्यामागून पाणी शिरते. या जोडीचे प्रमाण जुळले तरच काम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. कोल्ड्रिंकच्या लिटरभरात साखर सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे सातपटीहून जास्त, आणि मीठ जवळजवळ नाहीच.

या साध्या पुडीचा इतिहास मोठा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महलनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांतून वाटले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये ते गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. असे औषध चिठ्ठीवर लिहून मी ते समजावून सांगितले नाही, हे मला अजून टोचते.

बाजारातही घोळ होताच. खोक्यातल्या गोड पेयांवर ओ.आर.एस. ही अक्षरे छापून ती औषधांच्या दुकानांतही विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे याविरुद्ध आवाज उठवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिलेली सवलत काढून घेतली आणि पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली. तरीही खरेदी करताना वाचून घ्या. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहा. पुडी मिळालीच नाही, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. अंदाजाने घालू नका, मोजून घाला. आणि मूल मलूल झाले, पिईनासे झाले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर घरी वाट पाहत बसू नका.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे आता थोडक्यात देतो.

"डॉक्टर, गुळाचं पन्हं चालेल ना?" मधुमेहाच्या दर चौथ्या पेशंटचा हा प्रश्न. चैत्रातले पन्हे मलाही प्रिय आहे. पण रक्तातली साखर वाढवण्यात गूळ साखरेचा सख्खा भाऊ आहे आणि मध चुलतभाऊ. निरोगी माणसाने जरूर प्यावे, मधुमेह्याने घोटभर चव घ्यावी. उसाचा रस नैसर्गिक खरा, पण त्यातली साखर कोल्ड्रिंकपेक्षा कमी नसते. रसवंतीगृहातली घुंगरे वाजली की मधुमेह्याने रस्ता बदललेला बरा. कोकमाचे आगळ पाण्यात घालून मीठ-जिरे टाकले तर उत्तम. 'अमृत कोकम' म्हणून मिळतो तो मात्र साखरेचा पाक. ताक-मठ्ठा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला. रक्तदाब असेल तर मीठ बेताने. शहाळे चांगले, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

"साखर नसलेलं पेय घेतलं तर?" जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले, की वजन उतरवण्याचा उपाय म्हणून या कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नये. आधीच मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती. अशा माणसाने समारंभात एखादा पेला घेतला तर मी रागावत नाही. पण गोडीची सवय त्याने सुटत नाही आणि दातांवरचे आम्लही तेवढेच राहते.

दातांचे म्हणाल, तर ही सगळीच पेये आंबट, घरचे लिंबूसुद्धा. दिवसभर घोट घोट घेत बसू नये. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

कॉलेजच्या मुलांच्या हातात हल्ली स्वस्तातले 'एनर्जी ड्रिंक' दिसते. त्यात साखरेबरोबर कॅफिनही असते. लहान मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी नाही, असे त्याच बाटलीवर छापलेले असते. पालकांनी ते एकदा वाचावे.

आणि एक धोक्याची खूण. उन्हाळ्यात तहान लागतेच. पण पाणी पिऊनही शोष पडतो, रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते आणि वजन उतरते, तर तो उन्हाळा नव्हे. असे तरुण पेशंट माझ्याकडे येतात. तहान लागते म्हणून कोल्ड्रिंक पितात, त्याने साखर आणखी चढते आणि तहान आणखी वाढते. हे चक्र रक्त तपासल्याशिवाय थांबत नाही.

घरच्याचे कौतुक करताना बाहेरच्या सरबताचा दोषही लपवू नये. गाडीवरचे लिंबू खरे असते, पण पाणी आणि बर्फ कुठला? कावीळ आणि टायफॉइड याच वाटेने येतात. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यावा, असा नियम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आणला. पांढरा दिसला म्हणून बर्फ खात्रीचा होत नाही. बाहेर तहान लागलीच, तर सोबत घरच्या पाण्याची बाटली असावी. तहानेवर पहिले औषध पाणीच.

लग्नाचा निकाल काय लागला, ते सांगायचे राहिले. गच्चीवरच्या दुसऱ्या फेरीनंतर भाचीनेच केटररला फोन केला. आल्याबरोबर लिंबाचे सरबत, पाणी उकळून गार केलेले आणि साखर पेल्याला दीड चमचा. जेवणात मठ्ठा. उरलेल्या पैशांतून काय घ्यायचे, यावर आता नवा वाद सुरू आहे.

माझ्या दवाखान्यातही एक बदल झाला आहे. टेबलावर लिटरची खूण केलेली पाण्याची बाटली आणि ओ.आर.एस.ची पुडी ठेवलेली असते. जुलाबाचे मूल आले की कंपाउंडर आईच्या हातून तिथेच पुडी कालवून घेतात आणि पहिले दोन चमचे तिच्याकडूनच पाजवून घेतात. मूल थुंकले तर पाच मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा द्यायला सांगतात. याला दहा मिनिटे जातात आणि बाहेरचे पेशंट कुरकुरतात. कुरकुरू द्या. आणि "पातळ काहीही पाजा" हे वाक्य मी सोडून दिले आहे.